मोठ्यांसाठीच्या फँटसीत आपण कुठे आहोत?

सांजवात

नमस्कार. मोठ्यांसाठीच्या 'दक्षिण आशियाई फँटसी'वर हा धागा काढायचं दोन महिने मनात होतं. काल रात्री एक पुस्तक दुसऱ्यांदा संपवलं आणि आता राहवत नाही.

टोल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला वाचलं. होस्टेलवर आम्हा तिघींत मिळून एकच प्रत होती, पुठ्ठा निसटलेली, रबर लावून ठेवलेली. त्या जगावर माझा जीव जडला, आजही आहे. पण तिथे माझ्या रंगाची माणसं शोधायला गेलं तर ती हारद नावाच्या दूरच्या देशाची. सावळी, अंगावर सोनं ल्यालेली, अजस्र हत्ती घेऊन शत्रूच्या बाजूने लढायला आलेली. त्यातला एक सैनिक नायकाच्या सोबत्याच्या, सॅमच्या डोळ्यांदेखत मरून पडतो. सॅमच्या मनात येतं, ह्याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट होता का, की कुणाच्या धाकाने घरदार सोडून इतक्या लांब आला? १९५४ साली छापलेला तो छोटासा परिच्छेद मी किती वेळा वाचला असेल याची गणती नाही. त्या माणसाचं नाव शेवटपर्यंत कळत नाही.

पुढे रॉजर झेलाझ्नीचं 'लॉर्ड ऑफ लाइट' वाचलं. १९६७ चं, विज्ञानकथा-फँटसीचा ह्यूगो पुरस्कार मिळालेलं. परग्रहावर गेलेले लोक यम, ब्रह्मा, कालीची रूपं घेऊन राज्य करतात आणि त्यांच्याविरुद्ध उभा राहतो तो बुद्ध होऊन. कल्पना भव्य आहे. तरी वाचताना सारखं वाटत राहिलं की देव आपल्याकडून नेले आणि माणसं इथेच ठेवली.

आणि मग ताशा सुरीचं 'द जॅस्मिन थ्रोन' हाती आलं. ही भारतीय वंशाची ब्रिटिश लेखिका. पुस्तक २०२१ चं, पुढच्या वर्षी त्याला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'द ओलिअँडर स्वोर्ड' (२०२२) आणि 'द लोटस एम्पायर' (२०२४). जाई, कण्हेर, कमळ. साम्राज्याचं नाव पारिजातद्वीप. इंग्रजी अक्षरांत छापलेलं ते नाव मी मनात पहिल्याच फटक्यात बरोबर उच्चारलं आणि पुस्तक मांडीवर ठेवून जरा वेळ तशीच बसले. वीस वर्षं फँटसीतली नावं मी चाचपडत वाचत आले. इथे मला 'द्वीप' फोडून सांगायला कुणी नको होतं. आमच्या दारात प्राजक्त आहे.

यातली मालिनी ही राजकन्या. तिने चितेवर चढावं असं सम्राट झालेल्या भावाचं फर्मान आहे. ती नकार देते, म्हणून तिला हिराण नावाच्या जळून ओसाड पडलेल्या देवळात डांबून ठेवतात. तिथे झाडलोट करायला येणारी प्रिया ही मोलकरीण, आणि तीच दुसरी नायिका. त्या प्रदेशात एक रोग पसरलाय: माणसाच्या अंगातून झाडपाला फुटतो, माणूस हळूहळू झाड होतो. पुस्तकाच्या सुरुवातीलाच प्रिया अशाच एका रोग लागलेल्या अनाथ पोरासाठी पवित्र लाकडाचा तुकडा मिळवायला धडपडते, कारण ते लाकूड जवळ असलं की रोग सावकाश वाढतो. तिसरी नायिका भूमिका नावाची. ती राज्यपालाची बायको आहे, गरोदर आहे, आणि पोटातलं बाळ सांभाळत राजकारण करते. 'मोठ्यांसाठी' ह्या शब्दाचा अर्थ मला तिच्यापाशी कळला. किशोरांच्या फँटसीत जग वाचवून झालं की गोष्ट संपते. इथे जग वाचवायच्या आधी बाळंतपण आहे, नवऱ्याशी रोजचं खोटं बोलणं आहे, घरात आश्रयाला घेतलेली माणसं आहेत.

मला तुम्हा सगळ्यांकडून ऐकायचंय. अशी पुस्तकं वाचताना तुम्हाला काय होतं? ओळख पटते का? आणि पटली तर नेमकी कशाची?

दगडफूल

धागा छान. पण मला ते पुस्तक एवढं भिडलं नाही, का ते सांगते.

हळदीचा वास, पदर, गजरा ह्या खुणांची मला आता धास्ती वाटते. मी एक कसोटी लावते. पात्रांच्या अंगावरची साडी काढून झगा घालायचा, भाताच्या जागी पाव ठेवायचा आणि बघायचं, गोष्ट हलते का? नाही हलली तर ते जग आपलं नाही, फक्त पडदे आपले. गेल्या काही वर्षांत असं बरंच वाचलं. नावं संस्कृत, पण माणसं विचार करतात ती दूरच्या कुठल्यातरी सरंजामी युरोपातल्यासारखी.

आणि 'दक्षिण आशियाई' हा शब्द केवढा मोठा! लाहोर, ढाका, काठमांडू, जाफना, शिलाँग, सगळं एकाच फडताळात. दुकानदाराची सोय होते, वाचकाची होत नाही.

सांजवात

कसोटी एकदम मान्य. तीच इथे लावून बघू.

ह्या साम्राज्याचा पायाच असा की फार पूर्वी काही स्त्रियांनी स्वतःला जाळून घेतलं, त्यांच्या आगीतून सैन्याच्या शस्त्रांना बळ मिळालं आणि राज्य तरलं. त्या आता 'अग्नीच्या माता' म्हणून पूजल्या जातात. सम्राट बहिणीला चितेवर चढ म्हणतो तेव्हा त्याला वाटतं आपण तिला पवित्र करतोय. जळालेल्या बाईला माता म्हणायचं, तिची पूजा बांधायची आणि पुढच्या बाईला तिचंच उदाहरण द्यायचं, हे सतीशिळा पाहत वाढलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या मामाच्या गावी वेशीवर तशी एक शिळा आहे. कोपरात दुमडलेला हात, हातात बांगड्या, वर चंद्रसूर्य. लहानपणी आम्ही तिच्यावर पाय ठेवून चिंचा पाडायचो, आजी ओरडायची.

झगा घालून ही गोष्ट चालणार नाही, दगडफूल.

कृष्णाकाठ

सांजवातताई, मी निवृत्त शिक्षक, वय चौसष्ट. इंग्रजी फँटसी फारशी वाचलेली नाही, मुलीने दोन-तीन दिली तेवढीच. पण तुमच्या धाग्यात एक गोष्ट राहून जातेय. संपूर्ण कल्पित जग रचणं हे आपण बाहेरून शिकलो असं कृपया कुणी समजू नये.

१९९४ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागायची, ती अनेकांना आठवत असेल. देवकीनंदन खत्रींची मूळ कादंबरी १८८८ ची. ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं म्हणतात. त्यातले ऐयार (म्हणजे वेषांतर करणारे चलाख हेर) आणि तिलिस्म हे शब्द तिच्याही आधीचे, उर्दू दास्तानांतले, म्हणजे रंगवून सांगायच्या लांबलचक गोष्टींतले. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्मे होशरुबा' छापायला घेतली. लिहिणारे मुहम्मद हुसैन जाह आणि पुढे अहमद हुसैन कमर. त्यांचा नायक अमीर हमजा, त्याच्या सगळ्या दास्ताना मिळून शेवटी ४६ खंड झाले!

तिलिस्म म्हणजे नुसती जादू नव्हे. एखाद्या जादूगाराने बांधलेलं अख्खं जग, आणि त्या जगाला नियम असतात. ते जग कोण मोडणार हे आधीच ठरलेलं असतं. ते कसं मोडायचं हे एका पाटीवर लिहिलेलं असतं, तिला लौह म्हणतात, आणि ती पाटी हाती लागेपर्यंत नायकाचं काही चालत नाही. होशरुबाचे तीन भाग: जाहिर म्हणजे दिसणारा, बातिन म्हणजे लपलेला, आणि जुल्मात म्हणजे अंधाराचा. पहिल्या दोहोंच्या मध्ये वाहत्या रक्ताची नदी. अम्र ऐयाराच्या झोळीत, जंबीलमध्ये, गावंच्या गावं मावतात. आज ज्याला जादूची व्यवस्था म्हणून नावाजतात ती हीच ना?

मराठीतही हे होतं. हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'रत्नप्रभा' (१८६६), रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८). मंजुघोषेत तर चक्क विमान आहे. आमच्या कॉलेजात ह्या कादंबऱ्या शिकवताना सर म्हणत, ही कादंबरीची बाल्यावस्था. १८८५ ला हरिभाऊ आपटे आले आणि मराठी कादंबरी वयात आली, असा तो सरळ रस्ता. मीही तीस वर्षं मुलांना तेच शिकवलं. हरिभाऊंबद्दल मनात नितांत आदर आहे. पण अद्भुत म्हणजे पोरकट आणि वास्तव म्हणजे प्रौढ, ही वाटणी तेव्हा जी झाली ती आपण परत कधी तपासलीच नाही, असं आता वाटतं. नाटकात अद्भुत राहिलं, कीर्तनात राहिलं. कादंबरीतून मात्र गेलं.

थेम्सकाठी

काका, तुमच्या हमजावरून लिहायला बसले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अकबराने चित्रकारांकडून करवून घेतलेल्या हमजानाम्याची काही चित्रं आहेत. १५६२ च्या आसपास काम सुरू झालं, पंधरा वर्षं चाललं, सुमारे १४०० चित्रं झाली. कागदी पोथीतली बोटभर चित्रं नव्हेत, कापडावर रंगवलेली, जवळपास हात-दीड हात उंच. मागच्या बाजूला मजकूर, म्हणजे एकाने चित्र दाखवायचं आणि सांगणाऱ्याने गोष्ट सांगायची.

१८८१ मध्ये त्या संग्रहालयाच्या माणसाला ह्यातली काही श्रीनगरमध्ये सापडली. काही तर खिडक्यांची भोकं बुजवायला लावलेली होती. ऊन-पावसाने रंग उडालाय, बऱ्याच चेहऱ्यांची जागा खरवडलेली आहे. मी दर हिवाळ्यात एकदा जाऊन उभी राहते. अडीच-तीन फुटांवर एक राक्षस आणि त्याच्या पायाशी ऐयार, आणि मागे लंडनची शाळकरी पोरं डायनोसोर बघायला शेजारच्या इमारतीत निघालेली. त्यांना कुणी इकडे आणत नाही. माझ्या मुलीला मी आणलं. तिने विचारलं, 'आई, ह्याचं पुस्तक आहे?' मुशर्रफ अली फारुकींनी अमीर हमजा आणि होशरुबाचा पहिला खंड इंग्रजीत आणलाय, ते दिलं. मराठीत काय देऊ, हा प्रश्न होताच.

उंबरठा

नागपूरहून लिहितोय. ह्या धाग्यावर एका पुस्तकाचं नाव अजून आलं नाही म्हणून खास लॉगिन केलं.

श्रीलंकेचा लेखक वज्र चंद्रसेकरा, पुस्तक 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (२०२३). उत्कृष्ट कादंबरीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. नायकाचं नाव फेटर, म्हणजे बेडी, बंधन. तो जन्मतो तेव्हा आई एक मोठा पितळी खिळा ठोकून त्याची सावली जमिनीला जखडते आणि ओढून वेगळी करते. बिनसावलीचा पोर, लक्ष ढळलं की जमिनीवरून वर तरंगायला लागतो. आई त्याला एकाच कामासाठी वाढवते, बापाला मारायला. हा बाप घर सोडून गेलेला, जगभर पूजला जाणारा संत आहे, आणि त्याला लोक 'परिपूर्ण आणि दयाळू' म्हणतात.

बौद्ध घरात वाढलेल्या माणसाला दहाव्या पानावर कळतं की हा राहुल आहे. पाली परंपरेत सिद्धार्थाच्या तोंडी आहेच, राहुल जन्मला, बंधन जन्मलं. माझ्या धाकट्या भावाचं नाव राहुल. आमच्या वस्तीत हाक मारली तर चार राहुल वळून बघतात.

आता मला काय झालं ते सांगतो. पहिल्यांदा राग आला. बुद्धाला असं रंगवायचं? पुस्तक आठवडाभर बाजूला ठेवलं. मग लक्षात आलं की आमच्या घरातला बुद्ध आणि ह्या लेखकाच्या शहरातला बुद्ध एकाच वर्षी दोन वेगळ्या रस्त्यांना लागलेत. १९५६. जूनमध्ये श्रीलंकेत सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा आला. त्यामागे बौद्ध बहुसंख्याकांचं राजकारण होतं, आणि तमिळांना त्याची काय किंमत मोजावी लागली हे १९८३ च्या जुलैमधल्या तमिळविरोधी दंगलींनी आणि २००९ पर्यंतच्या युद्धाने दाखवलं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. माझे आजोबा त्या गर्दीत होते, पांढरा सदरा उसना आणलेला. तिकडे बुद्ध सत्तेच्या हातात गेला, इकडे तो सत्ता कधीच न मिळालेल्या माणसांच्या घरात आला. चंद्रसेकरा ज्याच्यावर चिडलाय तो तिकडचा. कादंबरीतल्या लुरियत शहरात जातीवंशांचे तक्ते आहेत, दंगली आहेत, छावण्या आहेत, आणि सगळीकडे कागदपत्रं. ती वाचताना मला आमचं तहसील आठवलं.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या १९५७ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहत्यागाची गोष्टच बदलली. म्हातारा, रोगी, प्रेत बघून रात्री चोरपावलांनी निघून जाणारा सिद्धार्थ त्यांना पटला नाही. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होतं, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, शाक्यांचा संघ त्याला शिक्षा करणार असतो, तेव्हा तो स्वतःहून देशत्याग स्वीकारतो. यशोधरा जागी आहे आणि तिची संमती आहे. म्हणजे आमच्या घरातला राहुल हा बेडी नाहीच. जुनी पवित्र गोष्ट हातात घेऊन, 'हे असं घडलं असणं मला मान्य नाही' म्हणायची परवानगी आम्हाला आधीच मिळालेली आहे. हे ध्यानात आलं आणि मी पुस्तक परत उघडलं.

त्यात एक मंडळ आहे. निरनिराळ्या धर्मांचे 'निवडले गेलेले' पण पुढे नाकारले गेलेले लोक आठवड्याला जमतात, गोल करून बसतात, आपापलं दुखणं सांगतात. भाकितं कोणाच्या नावावर लिहिली जातात आणि कोणाचं नाव त्यातून खोडलं जातं, ह्यावर मी याहून चांगलं काही वाचलेलं नाही.

दगडफूल

उंबरठा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद हा शब्द अपुरा आहे.

जातीचा विषय निघालाच आहे तर मनातलं लिहिते. फँटसीत जादू बहुतेक वेळा रक्तातून येते. राजघराण्याचं रक्त, जादूगारांचं कूळ, जन्मजात खूण. परदेशी वाचकाला ते गोड वाटतं. मला लहानपणीपासून माहीत असलेली एक व्यवस्था दिसते आणि घास अडकतो. म्हणूनच मी ह्या पुस्तकांवर रागावून असते.

पण सांजवातच्या सांगण्यावरून काल 'जॅस्मिन थ्रोन' परत काढलं आणि पहिल्या वेळी नजरेतून निसटलेलं सापडलं. देवळात वाढलेल्या मुलांना तिथल्या पाण्यातून जावं लागतं. एकदा जाऊन जिवंत परत आलं की एकदा जन्मलेला, दुसऱ्यांदा गेलं की दोनदा जन्मलेला, मग तीनदा. इंग्रजीत ते साधेच शब्द आहेत, मी भरभर वाचून गेले होते. मराठीत मनात म्हणून बघा: द्विज. मुंजीत जानवं घालून मिळणारा तो दुसरा जन्म लेखिकेने उचलला आणि एका मोलकरणीला दिला, एका गरोदर बाईला दिला. किंमत जिवाची. पाण्यातून बरीच मुलं परत येतच नाहीत. इंग्रज वाचकाला यातलं किती पोचलं असेल देव जाणे, पण लिहिणारीने ते आपल्यासाठी ठेवलंय असं मला काल वाटलं. माझं आधीचं मत मागे घेते.

उंबरठा

हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मिमी मंडलचं नाव घ्यायलाच हवं. आपली दलित ओळख उघड सांगणारी बंगाली लेखिका. 'हिज फूटस्टेप्स, थ्रू डार्कनेस अँड लाइट' ही तिची २०१९ ची दीर्घकथा नेब्युलाच्या अंतिम यादीत होती. सर्कशीतला झुल्यावरचा कलावंत, त्याच्या सोबतीचा जिन, आणि देवळातून पळून आलेली एक देवदासी. राजा नाही, गादी नाही, भाकीत नाही. तंबू आहे आणि तंबूतली पोटं आहेत.

माडावळ

मी वेंगुर्ल्याची. एवढं सगळं वाचलेलं नाही, पण हा धागा रोज उघडते. माझ्याकडे पुस्तक नाही, देव आहे.

आमच्या जवळ आरवलीला वेतोबा आहे. वेताळच, पण आम्ही त्याला बाबा म्हणतो. माणसाहून उंच मूर्ती, उभी. त्याला नवसाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला ह्या एवढाल्या, माझा हात कोपरापर्यंत मावेल अशा. कारण देव रातीचो गावाच्या शिवेवरसून फिरता, राखण करता, आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात. देवळात जुन्या चपला ठेवलेल्या असतात. लहानपणी मी त्या उलट्या करून तळ बघायचे. आई हळूच सांगायची, बघ, टाचेकडे झिजली आहे.

सीमेपलीकडे गोव्यातही हाच, बेताळ म्हणतात, आमोण्याला आहे, लोलयेला आहे. 'वेताळ पंचविशी'तला, राजाच्या पाठीवर बसून कोडी घालणारा वेताळ सगळ्या जगाला ठाऊक. हा आमचा गावच्या हद्दीवर पहारा देणारा, पायांना घट्टे पडलेला, कुठल्या फँटसीत आलाय का? कुणी वाचला असेल तर सांगा, मी ते पुस्तक विकत घेईन.

सांजवात

माडावळ, मी तरी नाही वाचला. तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला.

थेम्सकाठीचा प्रश्न चार दिवस डोक्यात आहे: मराठीत काय देऊ? आमच्याकडे मोठी माणसं अद्भुत वाचतच नाहीत असं नाही. 'ययाति' १९५९ ची, 'मृत्युंजय' १९६७ ची, आजही घरोघरी आहेत. जन्मतः अंगावर कवच असलेला माणूस, तारुण्य उसनं घेणारा राजा, हे सगळं आम्ही प्रौढपणीच वाचतो आणि रडतो. पण त्या महाभारताच्या गोष्टी, आधीपासून ठाऊक असलेल्या. तिथे लेखकाला एक मर्यादा पडते. कर्णाला वाचवता येत नाही. आणि आता तर देवादिकांवर एक वाक्य वेगळं लिहिलं तरी लोक अंगावर येतात. चंद्रसेकराने बापाचं नाव बदललं, शहराचं नाव बदललं, आणि राहुलला जे बोलायचं होतं ते सगळं बोलू दिलं. सुरीने सती हा शब्द एकदाही न लिहिता सतीबद्दल तीन जाडजूड पुस्तकं लिहिली. कल्पित जगाचा हा मोठा उपयोग मला ह्या धाग्यावर समजला: खऱ्या नावांची भीती तिथे राहत नाही.

मराठीत हे केलेला माणूस आहे, जी. ए. कुलकर्णी. 'रमलखुणा' (१९७५) मधल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' वाचा. कुठल्याच नकाशात नसलेले प्रदेश, कुठल्याच पुराणात नसलेली माणसं. त्यांना आपण रूपककथा म्हणतो. फँटसी म्हटलं की त्यांचा मान कमी होईल असं वाटतं आपल्याला. का वाटावं? एका दिवाळीच्या सुट्टीत 'इस्किलार' वाचून मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. थेम्सकाठी, मुलगी सोळा-सतराची झाली की हे द्या.

गोदातीर

मी पैठणचा. कृष्णाकाठ सरांनी दास्तानांपर्यंत नेलं, मी आणखी मागे जातो, आमच्या गावापर्यंत.

कथासरित्सागर सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यमतीसाठी रचला. पण ती गोष्ट मुळात गुणाढ्याच्या बृहत्कथेतली, आणि सोमदेवच सांगतो की गुणाढ्य प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, सातवाहन राजाच्या पदरी मंत्री. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असतो. एक राणी दमून म्हणते, 'मोदकैः', म्हणजे मा उदकैः, आता पाणी उडवू नका. राजाला संस्कृत येत नाही, तो मोदक मागवतो. राण्या हसतात, राजा अंथरूण धरतो. गुणाढ्य म्हणतो, व्याकरण सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणतो, मी सहा महिन्यांत शिकवीन, नाही जमलं तर बारा वर्षं तुझे जोडे डोक्यावर वाहीन. गुणाढ्यही पैज लावतो: तुला जमलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडेन. शर्ववर्म्याला जमतं.

गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या रानात जातो. तिथे पिशाचांची भाषा शिकतो आणि त्या भाषेत सात लाख श्लोकांची कथा लिहितो, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने. शिष्य ती घेऊन राजाकडे जातात. राजा म्हणतो, पिशाचांची बोली, आणि रक्ताची अक्षरं, शी! मग गुणाढ्य टेकडीवर अग्नी पेटवतो. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. हरणं, डुकरं, रेडे चरायचं सोडून भोवती बसतात आणि रडतात. जनावरं वाळली, राजाच्या ताटातलं मांस निकस झालं, तेव्हा कुठे राजा शोध घेत येतो. तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले असतात. एक लाख उरले, तीच आपल्याला माहीत असलेली कथा.

मी लहान होतो तेव्हा आजोबा गोदेच्या घाटावर बसून ही गोष्ट सांगायचे आणि वर निळावंतीचं जोडायचे, तीच ती पोथी, जी वाचली की जनावरांची भाषा कळते आणि माणूस वेडा होतो. ते म्हणायचे, निळावंती म्हणजे दुसरं काही नाही, त्या जळालेल्या सहा लाखांतली एक चतकोर. ह्याला पुरावा काही नाही, ती आमच्या आजोबांची गोष्ट. पण इंग्रजीत लिहिणाऱ्या ह्या मंडळींबद्दल धाग्यावर वाचताना मला सारखा गुणाढ्य आठवला. त्यांना जी भाषा हाताशी होती तीत ते लिहितायत. आपल्या हाताशी जी आहे ती राजदरबारातून कुणी हाकललेली नाही, तरी तिच्यात हे लिहायला आपण का थांबलोय?

माडावळ

गोदातीर दादा, जोडे डोक्यावर वाहायची पैज वाचली आणि माझ्या अंगावर काटा आला.

सगळ्यांना एक सांगायचं होतं. मी लिहायला घेतलंय. पहिल्यांदाच, चार पानं झालीत. एक गाव आहे, ते नकाशात नाही. तिथला देव रात्री फिरतो आणि त्याच्या चपला करणारा एक माणूस आहे. देव कुठवर गेला होता हे त्याला तळ बघून कळतं. एके दिवशी चपला झिजायच्या थांबतात. अजून देवाचं नाव ठरलं नाही. आणि एक अडचण आहे, तुम्हा लोकांना विचारते. जग माझं, कल्पित. मग त्या माणसाची जात त्यात ठेवू का? न ठेवता पुढे गेले तर सोपं जातं, पण लिहिताना खोटं वाटतं. ठेवली तर तिला नाव काय देऊ?

उंबरठा

नाव नंतर सुचेल. आधी हे बघा: देवाच्या पायाचं माप तो कसं घेतो? त्याला आत, मूर्तीपर्यंत जाऊ देतात का? की कुणी दोरी धरून माप आणून देतं आणि तो बाहेर उभा असतो? मला वाटतं तुमचं पाचवं पान तिथे आहे.

माडावळ

इतकी वर्षं चपला बघितल्या, हे कधी मनात आलं नाही.

आमच्याकडे एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले, अजून चपला करतात. त्यांच्या वडिलांनीही केल्या होत्या. रविवारी जाते त्यांच्याकडे, विचारून येते.